हर्मानस ते डी हूप: दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देवमासे पाहायचे तर

केपटाउनला जाऊन आलेल्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: "हर्मानसला गेलो, पण देवमासे काही दिसले नाहीत." हर्मानस हे केपटाउनजवळचं किनाऱ्यावरचं गाव, लोक तिथे देवमाशांसाठीच जातात. खोदून विचारलं की कारण कळतं. कुणी डिसेंबरात गेलेलं असतं. कुणी केपटाउनहून सकाळी निघून, दोन तास किनाऱ्यावर घालवून संध्याकाळी परत आलेलं असतं. आणि पुष्कळांनी सगळी भिस्त शेवटच्या दिवसाच्या बोटीवर ठेवलेली असते. वारा सुटतो, बोट रद्द होते आणि विषय संपतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. या किनाऱ्यावर देवमासे बघायचे ते जमिनीवरून. इथे येणारे सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे अंटार्क्टिकाच्या बाजूच्या थंड समुद्रातून विण्यासाठी आणि जोडीदार शोधायला येतात. माद्यांना पिल्लासाठी उथळ, आडोशाचं पाणी हवं असतं, म्हणून त्या लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या जेमतेम पलीकडे तरंगत राहतात. कड्यावर शांत बसलेल्या माणसाला त्यांचा जो दिनक्रम दिसतो, तो दोन तासांच्या बोटीतून दिसत नाही. आधी कडा, मग बोट, हा क्रम मोडू नका.

## टप्पा १: आधी महिना, मग तिकीट

हंगाम जून ते नोव्हेंबर. त्यातही ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ सर्वांत भरवशाचा, कारण तेव्हा पिल्लं झालेली असतात आणि माद्या किनारा सोडत नाहीत. जून-जुलैमध्ये देवमासे येऊ लागतात, पण केपच्या या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. नोव्हेंबरात देवमाशांची गर्दी ओसरते. डिसेंबरात समुद्र जवळपास रिकामा.

इथेच आपली गफलत होते. आपल्या सुट्ट्या मे, दिवाळी आणि नाताळ अशा. मे महिना लवकर पडतो, नाताळ उशिरा, आणि दिवाळी नोव्हेंबरात आली तर हंगामाचं शेपूट तेवढं हाती लागतं. सर्वांत चांगला योग गणपती आटोपल्यावर जुळतो. विसर्जनानंतरचा पितृपक्ष आणि पुढचं नवरात्र हे दिवस बरोबर ऐन हंगामात येतात. पितृपक्षात घरात लग्नकार्य नसतं, त्यामुळे रजा काढणंही सोपं जातं. मुलांची शाळा बुडेल हे खरं, पण त्याला इलाज नाही.

सावध: २४ सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेत हेरिटेज डेची सुट्टी असते आणि त्याच सुमारास हर्मानसमध्ये देवमाशांचा उत्सव भरतो. गावात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्या महागतात. उत्सव बघायचा नसेल तर हे दिवस वगळा.

सगळी वर्षं सारखी नसतात, हेही ध्यानात असू द्या. प्रिटोरिया विद्यापीठाचे संशोधक दर वर्षी विमानातून या किनाऱ्यावरच्या देवमाशांची मोजणी करतात. मादी पूर्वी साधारण तीन वर्षांनी व्यायची. अलीकडे हे अंतर वाढलं आहे आणि त्याचा संबंध दक्षिणेकडच्या समुद्रात कमी झालेल्या खाद्याशी लावला जातो. त्यामुळे एखाद्या वर्षी खाडी भरलेली असते, तर एखाद्या वर्षी विरळ. दिवस जास्त ठेवा, म्हणजे विरळ वर्षातही पदरी काहीतरी पडतं.

## टप्पा २: कागदपत्रं

व्हिसा लागतो. अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजे नियम पाहा. पासपोर्टात दोन पानं कोरी हवीत. मूल बरोबर असेल तर त्याचा इंग्रजी जन्मदाखला जवळ ठेवा. आई-वडिलांपैकी एकच जण नेत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही.

बहुतेकांकडून राहून जातं ते यलो फिव्हरचं इंजेक्शन. मुंबईहून केपटाउनला जाणाऱ्या स्वस्त तिकिटांत अदिस अबाबा किंवा नैरोबीचा थांबा असतो आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही देश त्या रोगाच्या यादीत आहेत. विमानतळावरचा थांबा बारा तासांहून लांबला किंवा तुम्ही विमानतळाबाहेर पडलात, तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते. परतताना भारतातही विचारणा होऊ शकते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्नच येत नाही, पण तिकीट महाग पडू शकतं.

गाडी स्वतः चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही बरोबर न्या. दोन्ही जवळ असू द्या.

तपासा: तिकिटाचा मार्ग, थांब्याचे तास आणि लसीची तारीख एका कागदावर लिहून ताडून पाहा.

## टप्पा ३: मुक्कामाची आखणी

माझं मत स्पष्ट आहे: हर्मानसला तीन रात्री आणि त्याच किनाऱ्यावर पुढे असलेल्या डी हूपच्या राखीव क्षेत्रात दोन, यापेक्षा कमी असेल तर इतक्या लांब येऊ नये. या भागात हवा दोन-तीन दिवसांच्या फेऱ्यांनी फिरते. वायव्येचा वारा वाढतो, ढग येतात, मग नैर्ऋत्येकडून थंड पाऊस झोडपतो आणि तो सरला की एखादा दिवस समुद्र लख्ख आणि शांत होतो. तो शांत दिवस तुमच्या मुक्कामात यायला हवा. एका रात्रीच्या मुक्कामात तो नेमका चुकतो.

खोली घेताना कड्यावरच्या पायवाटेपर्यंत चालत जाता येईल अशी बघा. समुद्र खिडकीतून दिसलाच पाहिजे असं नाही. सकाळी उठून पाच मिनिटांत कड्यावर पोचता आलं पाहिजे, एवढं पुरे.

डी हूप हे केपनेचर या सरकारी संस्थेच्या ताब्यातलं राखीव क्षेत्र आहे. तिथल्या खोल्या मोजक्या, आणि हंगामात त्या कित्येक महिने आधी भरतात. म्हणून आरक्षणाचा क्रम उलटा ठेवा: आधी डी हूपच्या तारखा मिळवा, मग त्यांच्याभोवती हर्मानस बसवा, आणि विमानाचं तिकीट त्यानंतर. व्हेल ट्रेल नावाची पाच दिवसांची पदयात्राही डी हूपमध्येच आहे, पण तिचं आरक्षण आणि तयारी वेगळी. पहिल्याच फेरीत तिच्या मागे लागू नका.

## टप्पा ४: सामान

दुर्बीण प्रत्येकी एक. जोडप्यात एक दुर्बीण म्हणजे दोघांचाही विचका, कारण देवमासा तीन सेकंद वर येतो आणि तेवढ्यात दुर्बीण एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची घ्या. जास्त ताकदीची दुर्बीण वाऱ्यात थरथरते.

कपडे थरावर थर घालता येतील असे न्या, आणि सर्वांत वरचा थर वारा व पाणी अडवणारा हवा. सप्टेंबरात सकाळी पारा दहा अंशांच्या आसपास असतो. त्यावर समुद्राचा वारा. गोव्याच्या सहलीचे कपडे इथे कामाचे नाहीत. कानटोपी, पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा आणि खडकावर बसायला एखादी जाड घडी बरोबर ठेवा.

प्लगची चिंता नको. गीझर-एसीला आपण वापरतो तो मोठा, तीन गोल पिनांचा प्लग तिथे बहुतेक ठिकाणी बसतो. घरून तसा प्लग लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर सगळ्यांचे फोन त्यावर लागतात.

शाकाहारी मंडळींनी कोरडा खाऊ जवळ ठेवावा. रस्त्यावरच्या दुकानांत बरण्या भरून बिल्टॉन्ग दिसेल, ते वाळवलेलं मांस असतं. घरून दूध-तुपाचे पदार्थ नेणार असाल तर सीमाशुल्काचे नियम आधी वाचा.

## टप्पा ५: केपटाउनहून निघताना

हर्मानस केपटाउनपासून सुमारे १२० किलोमीटर. एन-टू महामार्गाने सर लॉरीज पासचा घाट चढून गेलात तर दीड ते दोन तास लागतात. गॉर्डन्स बेहून क्लॅरेन्स ड्राइव्हने, म्हणजे समुद्राला खेटून जाणाऱ्या रस्त्याने गेलात तर वेळ जास्त लागतो, पण फॉल्स बेमध्येही देवमासे दिसू शकतात आणि थांबायला ठिकठिकाणी जागा केलेल्या आहेत. जाताना हा रस्ता घ्या, समुद्र तुमच्या उजव्या हाताला राहतो.

वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, तेवढा दिलासा. पण चार रस्त्यांच्या चौकात चारही बाजूंना थांबण्याची पाटी असेल तर प्रत्येक गाडी पूर्ण थांबते आणि जी आधी आली ती आधी जाते. हॉर्न वाजवून नाक घुसवणं हा तिथे उद्धटपणा समजतात आणि त्यातून अपघातही होतात.

सावध: विमानतळाजवळ आणि शहरात काचा वर, दारं बंद. सीटवर बॅग, कॅमेरा, फोन काही दिसता कामा नये. बेटीज बे आणि प्रिंगल बेच्या परिसरात बबून माकडांच्या टोळ्या असतात. खाण्याचा वास आला की ती उघड्या दारातून आत शिरतात. गाडीबाहेर उभं राहून चिवडा खाऊ नका.

## टप्पा ६: कड्यावरून पाहणं

मुख्य काम हे. बाकी सगळी तयारी याच्यासाठी.

हर्मानसमध्ये नव्या बंदरापासून ग्रोटो बीचपर्यंत सुमारे १२ किलोमीटरची पायवाट कड्याच्या काठाने जाते. सगळी चालायची गरज नाही. गावातला गिअरिंग्ज पॉइंट आणि जुन्या बंदराचा भाग यांपासून सुरुवात करा. हंगामात गावात व्हेल क्रायर म्हणून एक माणूस समुद्री वनस्पतीच्या पोकळ देठाचं शिंग फुंकत फिरतो. देवमासे कुठे दिसले याची खबर त्याच्याकडे असते. सरळ जाऊन विचारा.

उजेडाची दिशा सांभाळा. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. हर्मानसचा कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणून भर दुपारीही ऊन तुमच्या पाठीवर असतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. खाडीच्या दुसऱ्या बाजूला गान्सबायजवळचं डी केल्डर्स पश्चिमेकडे बघतं. तिथे सकाळी जा, दुपारनंतर पाण्यावर डोळे दिपतात. डी केल्डर्सचे कडे उंच आहेत आणि खालचं पाणी खोल, त्यामुळे देवमासे अगदी पायथ्याशी येतात. वारा पडलेल्या सकाळी त्यांचा उच्छ्वास वर ऐकू येतो, जाड, दमदार, घोगरा.

पाहण्याची पद्धत अशी:

१. आधी दुर्बीण गळ्यातच राहू द्या. नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे संथपणे समुद्र चाळा, मग उलट दिशेने. एका फेरीला निदान दोन मिनिटं द्या.

२. शोधायचा तो फवारा. सदर्न राइट व्हेलचा फवारा दोन फाटे फुटून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वर जातो. तो दिसला की नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावा. खाली बघून दुर्बीण शोधायला गेलात की जागा हरवते.

३. पाठ बघा. या जातीला पाठीवर पर नसतो. काळी, गुळगुळीत पाठ दिसते, उपडी घातलेल्या होडीसारखी. डोक्यावर पांढरट खरखरीत चट्टे असतात. प्रत्येकाचे चट्टे वेगळे, आणि संशोधक त्यांवरूनच देवमासे ओळखतात. पाठीवर पर दिसला तर तो बहुधा हंपबॅक किंवा ब्राइड्स व्हेल. तेही या पाण्यात असतात.

४. तो बुडाला की जागा सोडू नका. निदान वीस मिनिटं तिथेच थांबा. मादी पिल्लासोबत असेल तर ती फार लांब जात नाही. पिल्लू लवकर दमतं आणि आईपेक्षा जास्त वेळा वर येतं, म्हणून छोटा फवारा दिसला तर त्याच्या शेजारीच नजर ठेवा, मोठा येणारच.

हे चौथं पाऊल लोक हमखास चुकतात. एका जागी पाच मिनिटं काही दिसलं नाही की गाडीत बसून पुढच्या जागी जातात, तिथून पुढच्या. दिवसभर पळापळ होते आणि हाती फक्त फवारे लागतात. एका मादीजवळ तासभर बसलात तर पिल्लू आईच्या पाठीवर चढताना, घसरून पडताना आणि पुन्हा चढताना दिसतं. कधी मादी शेपूट पाण्याबाहेर उभं काढून कितीतरी वेळ तशीच राहते. पिल्लांमध्ये एखादं जवळजवळ पांढरं जन्मतं, पुढे वाढत्या वयात राखाडी होतं. असं पिल्लू दिसलं तर इतर सगळं सोडून तिथेच बसा.

फसवणाऱ्या गोष्टीही ओळखून ठेवा. समुद्री वनस्पतींचे काळे देठ लाटेवर डोकं काढतात, ते जागेवरच डोलतात, पुढे सरकत नाहीत. बुडत्या खडकावर लाट फुटली की फवाऱ्याचा भास होतो, पण ती दर वेळी त्याच ठिकाणी फुटते. सगळीकडे पांढरे फेसाळ तुरे दिसायला लागले तर वारा जास्त झाला आहे. मग आडोशाची बाजू शोधा किंवा सरळ जेवून घ्या.

फोटोबद्दल एकच सांगतो. देवमासा उडी मारतो तेव्हा बहुधा ओळीने अनेक मारतो आणि साधारण एकाच दिशेने पुढे सरकतो. पहिली उडी डोळ्यांनी बघा, त्याच सरळ रेषेत थोडं पुढे कॅमेरा रोखा आणि पुढच्या उडीची वाट पाहा.

सावध: ओल्या, काळ्या खडकावर उतरू नका. खडक ओला आहे याचा अर्थ लाट तिथवर येते. शांत दिसणाऱ्या समुद्रातूनही मध्येच एखादी मोठी लाट येते आणि माणूस ओढून नेते. मुलांचा हात सोडू नका. पायवाटेवर सशाएवढे गुबगुबीत डॅसी प्राणी दिसतील, त्यांना खायला घालू नका.

## टप्पा ७: बोट

कड्यावर पहिला दिवस काढल्यावर तुम्हाला देवमासे कुठे आहेत आणि हवा कशी वागते आहे याचा अंदाज आलेला असतो. आता बोटीची पाळी. आरक्षण मात्र आधीच, मुक्कामाच्या दुसऱ्या दिवसाचं घेऊन ठेवा, म्हणजे रद्द झालं तर पुढचे दिवस हातात राहतात. हर्मानसच्या बोटी नव्या बंदरातून सुटतात आणि फेरी साधारण दोन तासांची असते.

परवाना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यानुसार कोणत्याही बोटीने देवमाशापासून ३०० मीटर लांब राहायचं असतं. देवमासे दाखवण्याचा खास परवाना असलेल्या बोटींनाच ५० मीटरपर्यंत जाता येतं. ड्रोन उडवून जवळ जाणं आणि देवमाशांसोबत पोहणं यालाही मनाई आहे.

ज्यांना गाडी किंवा बोट लागते त्यांनी आदल्या रात्री हलकं जेवावं आणि डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. बोटीत बसल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. अशा बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तेव्हा परत येताना गाडी दुसऱ्याकडे द्या. बोटीत मध्यभागी किंवा मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर उभं राहा, नजर क्षितिजावर ठेवा आणि फोनच्या पडद्यात बघत राहू नका.

तारकर्ली-मुरुडच्या डॉल्फिन फेऱ्यांची सवय इथे विसरा. तिकडे डॉल्फिन दिसला की आपण "अजून जवळ घ्या" म्हणून नावाड्यामागे लागतो आणि चार बोटी मिळून त्या कळपाचा पाठलाग करतात. इथे पिल्लाला पाजणारी आई असते. ती महिनोन्‌महिने स्वतः जवळजवळ काही न खाता दूध देत असते. तिला एकदा पळायला लावलं की साठवलेली ताकद खर्ची पडते. कप्तान इंजिन बंद करून थांबला तर कुरकुर करू नका. शांत थांबलेल्या बोटीजवळ देवमासा कित्येकदा आपण होऊन येतो.

तपासा: आदल्या संध्याकाळी बोटवाल्यांना फोन करून फेरी नक्की आहे का विचारा. रद्द झाल्यास पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या.

## टप्पा ८: डी हूप

हर्मानसहून स्टॅनफर्ड, नेपिअर, ब्रेडासडॉर्प असा रस्ता. ब्रेडासडॉर्पला पेट्रोल पूर्ण भरा, किराणा, पाणी आणि जेवणाचं सामान घ्या. पुढे खडीचा कच्चा रस्ता लागतो. त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या वर जाऊ नका, वळणावर ब्रेक दाबू नका, आणि समोरच्या गाडीचा धुरळा बसेपर्यंत मागे राहा. भाड्याच्या गाडीच्या विम्यात कच्च्या रस्त्यावरचं टायर, काच आणि तळाचं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं. करार करतानाच विचारा आणि स्टेपनी हवा भरलेली आहे ना ते स्वतः दाबून बघा.

फाटकाची वेळ आरक्षणाच्या कागदावर असते. संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर पोचलात तर अडचण होईल, म्हणून दुपारीच आत या.

देवमासे बघायची जागा म्हणजे कॉपी अलीन. मुक्कामाच्या ठिकाणापासून गाडीने जावं लागतं, मग लाकडी पायऱ्यांवरून पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांमधून खाली. या भागातला समुद्र संरक्षित आहे, मासेमारी बंद आहे आणि माद्या पिल्लं घेऊन इथे मोठ्या संख्येने जमतात. चांगल्या वर्षी एका नजरेत अनेक जोड्या दिसतात. टेकडीवर सावली नाही, दुकान नाही. पाणी, टोपी, डबा घेऊनच जा आणि कचरा परत आणा.

इथे दोन सकाळी द्या. पहिल्या सकाळी नुसतं मोजत बसा, दुसऱ्या सकाळी एक जोडी निवडून तिच्यावरच लक्ष ठेवा.

परतताना ब्रेडासडॉर्प आणि कॅलेडनमार्गे केपटाउन विमानतळ साडेतीन-चार तासांवर धरा. रविवार असेल तर एन-टूवर शहरात परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा आणखी एक तास वाढवा. गाडी परत देण्याआधी टाकी भरून घ्या, खडीचा चिखल धुवून काढा आणि चारही बाजूंचे, चाकांचे व काचेचे फोटो काढून ठेवा.